विंचवाचं बिऱ्हाड: आउटबॅकमध्ये हरवलेल्या पूर्वजाचा माग कसा काढायचा

माझ्या सुनेच्या आजीकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात एक पत्र. न्यू साउथ वेल्समधल्या डार्लिंग नदीकाठच्या विल्कॅनियाहून आलेलं, १८८९ सालचं, जेमतेम चार ओळींचं. प्रकृती ठीक आहे, मेंढ्या कातरायचं काम मिळालं आहे, नाताळानंतर पैसे पाठवीन. पैसे आले नाहीत आणि पाठवणाराही आला नाही. पुढच्या चार पिढ्या त्याच्याविषयी घरात एकच वाक्य बोललं गेलं: "तो बुशमध्ये गेला." (बुश म्हणजे गावाबाहेरचं रान. त्याच्याही पलीकडे, देशाच्या आतला कोरडा, विरळ वस्तीचा मुलूख तो आउटबॅक.)

नातीला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला तेव्हा हे पत्र बाहेर आलं. आमच्या बाजूच्या फांद्या मी एका दुपारी भरून दिल्या, कारण माझ्या सासऱ्यांनी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीतून सगळी नावं कधीतरी उतरवून आणली होती. सुनेच्या बाजूला मात्र खापरपणजोबांच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह. मी नुकतीच निवृत्त झाले होते, मेलबर्नचा हिवाळा होता. म्हटलं, बघू या. त्या 'बघू या'ला आता सहा वर्षं झाली.

आपल्या मंडळींपैकी पुष्कळांची मुलं आता इथल्या घराण्यांत नांदतात, म्हणून हा प्रश्न वरचेवर विचारला जातो: भटक्या माणसाला शोधायचं कुठून? उपाध्यायांच्या वहीत नाव सापडतं, कारण तिथे माणूस स्वतः जाऊन सांगतो की मी अमुक, माझा बाप तमुक. पाठीवर वळकटी टाकून स्टेशनांमागून स्टेशनं तुडवणारा स्वॅगमन असं कुठेच सांगत नाही. त्याला ज्याने अडवलं, कामावर घेतलं, खाटेवर झोपवलं किंवा पुरलं, त्याने आपल्या वहीत त्याची ओळ लिहिली. त्या वह्या कोणाकडे होत्या हे कळलं की अर्धं काम झालं.

(स्टेशन म्हणजे इथे रेल्वेचं नव्हे. शेकडो, कधी हजारो चौरस किलोमीटरचं मेंढ्यांचं किंवा गुरांचं कुरण, त्यावर मालकाचं घर, कोठार, शीअरिंगची म्हणजे मेंढ्या कातरायची शेड. पहिले सहा महिने मी उगाच रेल्वेचे नकाशे बघत होते.)

आधी सरहद्दी समजून घ्या

१ जानेवारी १९०१ पूर्वी ऑस्ट्रेलिया नावाचा एक देश नव्हता. सहा वसाहती होत्या, प्रत्येकीचं दप्तर वेगळं, आणि ते आजही वेगळंच आहे. जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी टास्मानियात १८३८ ला सुरू झाली, पश्चिम ऑस्ट्रेलियात १८४१, दक्षिण ऑस्ट्रेलियात १८४२, व्हिक्टोरियात १८५३, न्यू साउथ वेल्समध्ये १८५६. त्याआधीचं हवं असेल तर चर्चच्या वह्या.

वसाहतींच्या सीमाही हलत होत्या. व्हिक्टोरिया १८५१ साली न्यू साउथ वेल्सपासून वेगळी झाली, क्वीन्सलँड १८५९ साली. म्हणजे १८५५ मध्ये ब्रिस्बेनजवळ वारलेला माणूस त्या वेळी न्यू साउथ वेल्सचा. नॉर्दर्न टेरिटरी १८६३ ते १९११ दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात होती, तेव्हा डार्विनकडे गेलेल्याचे बरेच कागद अॅडलेडला निघतात. आणि एका वसाहतीतून दुसरीत पायी जाणाऱ्याची नोंद कोणीच ठेवत नव्हतं. त्यामुळे 'तो न्यू साउथ वेल्सचा होता' हे वाक्य मनातून काढून टाका. डार्लिंग नदीच्या काठचा शीअरर एकाच वर्षात तीन वसाहतींत काम करून येई.

जनगणनेवरही विसंबू नका. इंग्लंडमध्ये पूर्वज शोधलेल्यांना दर दहा वर्षांची घरनिहाय यादी मिळायची सवय असते. इथे माणसागणिक भरलेले कागद बहुतेक ठेवलेच नाहीत. न्यू साउथ वेल्सची १८८१ ची जनगणना सिडनीच्या गार्डन पॅलेसला १८८२ मध्ये लागलेल्या आगीत गेली. १८९१ ची यादी उरली आहे, पण तिच्यात नाव फक्त घरमालकाचं, बाकीचे नुसते आकडे. ज्याला घरच नव्हतं तो त्या आकड्यांतही असेल-नसेल.

एक लांब कागद घ्या

संगणकावर करा किंवा माझ्यासारखं भिंतीवर चिकटवा, पण तारीखवार कागद हवाच. डावीकडे तारीख, मग ठिकाण, मग ही माहिती कोणी, कशासाठी लिहिली. तिसरा रकाना लोक गाळतात आणि तिथेच फसतात. बायकोने पोलिसांना सांगितलेलं वय आणि त्याने स्वतः इस्पितळात सांगितलेलं वय यांत पाच वर्षांचा फरक निघाला, तर दोन्ही जसंच्या तसं लिहा. कोणाला खोटं बोलायचं काय कारण होतं, हे नंतर बघता येतं.

सुरुवात शेवटच्या पक्क्या नोंदीपासून करा आणि मागेही जा, पुढेही. आमची पक्की नोंद म्हणजे ते पत्र. शिवाय लग्नाचा दाखला होता, मुलांच्या जन्माचे दाखले होते. दर जन्माच्या दाखल्यावर बापाचा धंदा आणि राहायचं ठिकाण बदललेलं. मजूर, मग गाडीवान, मग शीअरर. हे बदल वाचता वाचताच तो घरापासून कसा लांब लांब जात होता ते दिसायला लागलं.

घरच्या गोष्टी लिहून ठेवा, पण पेन्सिलने. 'सोन्याच्या खाणीत खूप कमावलं' आणि 'बुडून मेला' या दोन गोष्टी मी आजवर इतक्या घरांत ऐकल्यात, की त्या आता पाव्हण्यांसारख्या घरोघर जेवून येतात असं वाटतं.

नावावर फार विश्वास नको

कारकून कानाने ऐकून लिहीत. आयरिश नावापुढचा 'ओ' गळतो, 'मॅक' कधी असतो कधी नसतो. त्यात ज्याला बायको, सावकार किंवा जहाजाचा कप्तान शोधत होता, तो नावच बदलून टाकी. बंदरात जहाज सोडून पळालेले खलाशी तर सर्रास. नवं नाव बहुतेक वेळा अगदीच नवं नसतं. आईचं माहेरचं आडनाव, स्वतःचं मधलं नाव, गावाचं नाव असं काहीतरी हाताशी असलेलंच घेतलेलं असतं. म्हणून त्याच्या आईचं माहेर, बहिणींच्या सासरची नावं, जन्मगाव हे सगळं त्या लांब कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवा.

टोपणनावांचाही विचार करा. स्टेशनावरचे सोबती माणसाला वर्षानुवर्षं टोपणनावानेच ओळखत, आणि तो मेला की पोलिसाला तेच सांगत.

माणसाच्या मागे नको, कामाच्या मागे जा

बीडहून ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतात आणि कुठल्या महिन्यात त्या कुठल्या कारखान्याच्या हद्दीत असतील हे जाणकाराला घरी बसून सांगता येतं. शीअरिंगचंही तसंच. हंगाम ढोबळमानाने उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकतो: क्वीन्सलँडच्या शेडमध्ये आधी, मग डार्लिंगच्या काठाने खाली, शेवटी व्हिक्टोरियात. एक शेड संपली की माणसं वळकट्या बांधून पुढच्या शेडकडे. मधल्या दिवसांत कुंपणं, विहिरी, सशांचा बंदोबस्त, जे मिळेल ते.

तेव्हा आधी ठरवा, तुमचा माणूस काय करत होता. शीअरर असेल तर शेडची साखळी. ड्रोव्हर म्हणजे गुरं हाकणारा असेल तर गुरांचे रस्ते: क्वीन्सलँडमधल्या बर्ड्‌सव्हिलपासून दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मरीपर्यंतचा मार्ग, जिथे १८८४ ला रेल्वे पोहोचली. खाणवाला असेल तर सोन्याच्या तारखा लावा. व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स १८५१, क्वीन्सलँडमध्ये जिम्पी १८६७, चार्टर्स टॉवर्स १८७२, पामर नदी १८७३, पश्चिम ऑस्ट्रेलियात हॉल्स क्रीक १८८५-८६, कूलगार्डी १८९२, कॅलगूर्ली १८९३. १८९३ मध्ये पूर्वेकडच्या बँका कोसळल्या आणि माणसं जहाजं भरभरून पश्चिम ऑस्ट्रेलियाला गेली. त्या सुमाराला तुमचा पूर्वज मेलबर्नच्या कागदांतून एकाएकी नाहीसा होत असेल, तर पहिला संशय कूलगार्डीवर घ्यावा. तिथे टायफॉइडने पुष्कळ गेले.

स्टेशनांची हिशेबाची पुस्तकं काही ठिकाणी टिकली आहेत. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतलं नोएल बटलिन अभिलेखागार यासाठी मुद्दाम बघण्यासारखं. १८२४ साली स्थापन झालेल्या ऑस्ट्रेलियन अॅग्रिकल्चरल कंपनीसारख्या मोठ्या कंपन्यांचे कागद तिथे आहेत, कामगार संघटनांचेही. मजुरीच्या वहीतली एक ओळ म्हणजे नाव, दिवस, दर आणि दुकानातून घेतलेल्या तंबाखूची वजावट. आमच्या माणसाची अशी ओळ मला मिळाली नाही. ज्या स्टेशनावर तो असावा, त्याच्या नेमक्या त्या वर्षांच्या वह्या उरलेल्याच नाहीत.

संप विसरू नका. १८९१ आणि १८९४ च्या शीअररांच्या संपात माणसं छावण्या करून राहिली, अटका झाल्या, पेपरांनी नावं छापली. १८९१ च्या संपाचं केंद्र क्वीन्सलँडमधलं बारकॅल्डिन. १८९४ च्या ऑगस्टमध्ये संपवाल्यांनी डार्लिंगवर 'रॉडनी' ही बिगरसंघटनेचे शीअरर नेणारी आगबोट जाळली. एरवी पेपरात येण्यासाठी तुम्हाला जॅकी हाउ व्हावं लागे; त्याने १८९२ मध्ये अॅलिस डाउन्स स्टेशनवर हाताच्या कातरीने ७ तास ४० मिनिटांत ३२१ मेंढ्या कातरल्या होत्या. दिवसाला ऐंशी कातरणाऱ्याला संपातच काय ती प्रसिद्धी.

ट्रोव्ह: इथे वेळ घालवा

ट्रोव्ह हे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं संकेतस्थळ. फुकट, घरबसल्या, आणि त्यात १८०३ पासूनची वर्तमानपत्रं स्कॅन केलेली. बहुतेक पेपर १९५४ पर्यंत मिळतात. विल्कॅनियाचा 'वेस्टर्न ग्रेझिअर', ब्रोकन हिलचा 'बॅरिअर मायनर', कॅलगूर्लीचा 'मायनर' असे गावोगावचे पेपर. आपल्याकडे जिल्हा पत्रांत ग्रामसभेची बातमी यावी तशा यांत बारीक बारीक बातम्या: कोणाचा घोडा पळाला, कोण दारू पिऊन पोलीस कोर्टात उभा राहिला, कोणत्या शेडमध्ये कधी घंटा झाली.

नवखा माणूस पूर्ण नाव टाकतो, चार हजार निकाल येतात आणि तो चहा करायला उठतो. तसं करू नका.

एक तर यंत्राने वाचलेली अक्षरं चुकलेली असतात. जुना, पुसट छाप. त्यामुळे इंग्रजी 'एच'चा 'बी' होतो, 'आर' आणि 'एन' चिकटून 'एम' होतो. आडनावाची अशी चुकीची रूपं स्वतः बनवून शोधा. दुसरं, नाव आणि आडनाव अवतरणचिन्हांत घालून पुढे लाटेसारखं चिन्ह आणि ५ हा आकडा टाकला, तर ते शब्द एकमेकांपासून पाच शब्दांच्या आत असलेल्या बातम्या येतात. मधलं नाव घुसलेलं असलं तरी सापडतं. तिसरं आणि मला सगळ्यांत उपयोगी पडलेलं: माणसाचं नाव टाकूच नका. स्टेशनचं नाव टाका, साल बांधा आणि त्या वर्षीच्या सगळ्या बातम्या ओळीने वाचा. विल्कॅनियाच्या उत्तरेला मोम्बा नावाचं अवाढव्य स्टेशन होतं. त्याच्याबद्दलच्या दोन वर्षांच्या बातम्या मी अशाच वाचल्या. आमचा माणूस एकदाही भेटला नाही, पण त्या भागात कोणता पोलीस ठाणेदार होता, डॉक्टर कोण, मॅजिस्ट्रेट कोण, हे पाठ झालं. पुढे त्यांचीच दप्तरं बघायची होती.

सापडलेल्या बातमीतली चुकलेली अक्षरं तिथेच दुरुस्त करता येतात. दोन मिनिटं लागतात. तुम्ही दुरुस्त केलेलं नाव पुढच्या माणसाला पहिल्या फटक्यात सापडतं, म्हणून करावं.

पोलीस गॅझेट

याच्यासाठी मी बाकी सगळं सोडून देईन. प्रत्येक वसाहतीचं पोलीस खातं आपल्या ठाण्यांसाठी छापील पत्रक काढत असे. व्हिक्टोरियाचं १८५३ पासून, न्यू साउथ वेल्सचं १८६२ पासून, क्वीन्सलँडचं १८६४ पासून, पश्चिम ऑस्ट्रेलियाचं १८७६ पासून. बरीचशी आता ऑनलाइन आहेत, काही फुकट, काही पैसे भरून. राज्य ग्रंथालयात जाऊन बसलात तर पैसे भरायची संकेतस्थळंही तिथल्या संगणकावर फुकट बघता येतात. डबा घेऊन जा, दिवस मोडतो.

गॅझेट म्हटलं की लोकांना चोर-दरोडेखोर आठवतात आणि ते म्हणतात, आमच्या घरात तसं कोणी नव्हतं. अहो, नसू दे. गॅझेटात चोरी झालेल्याचंही नाव असतं, साक्षीदाराचं असतं, घोडा हरवलेल्याचं असतं. 'मिसिंग फ्रेंड्स' नावाचं एक सदर असतं. विलायतेत राहिलेली आई, बहीण किंवा वकील हरवलेल्या माणसाची चौकशी करतात, ती त्यात छापलेली. आणि बायका-मुलांना टाकून गेलेल्यांचं एक सदर असतं. नवऱ्याने पैसे पाठवणं बंद केलं की बायको कोर्टात जाई, वॉरंट निघे आणि गॅझेटात त्याचं वर्णन येई. फोटो नाही असा पूर्वज तुम्हाला इथे डोळ्यांसमोर उभा राहिलेला दिसतो: वय, उंची, बांधा, केसांचा रंग, दाढी, गोंदण, चालण्याची ढब, अंगावर शेवटचे कोणते कपडे होते, कुठे गेला असावा असा संशय.

आमचा माणूस मला १८९० च्या गॅझेटात अशाच सदरात भेटला. पाच फूट सात इंच, तांबूस दाढी, डाव्या हाताची करंगळी वाकडी, 'डार्लिंगकडे किंवा क्वीन्सलँडला गेला असावा'. सुनेला दाखवलं तर ती बराच वेळ बोललीच नाही. घरात आजवर खापरपणजी बिचारी वाट बघत बसलेली अशीच सांगितली गेली होती. ती वाट बघत बसली नव्हती, थेट कोर्टात गेली होती.

एक लक्षात ठेवा. वॉरंट ज्या वसाहतीचं, तिच्याच गॅझेटात ते असेल असं नाही. शेजारच्या वसाहतींचीही बघा. आणि पुढच्या अंकांत तेच नाव परत येतं का ते बघा: 'अटक झाली', 'वॉरंट रद्द' अशी एका ओळीची टीप मागून येते.

भटकंती हाही गुन्हा होता. पोटापाण्याचं कायदेशीर साधन दिसत नाही, एवढ्यावर माणूस महिनाभर आत जाई. काही स्वॅगमन थंडीचे दिवस तुरुंगात काढायला राजी असत असंही वाचायला मिळतं. तुरुंगाच्या वहीत जन्मस्थान, धर्म, कोणत्या जहाजाने आला, लिहिता-वाचता येतं का, हे असतं. न्यू साउथ वेल्सच्या तुरुंगांत १८७० च्या दशकापासून कैद्यांचे फोटोही काढत. आणि तुमचा पूर्वज १८६८ पूर्वी विलायतेतून शिक्षा होऊन आलेला कैदी असेल तर नशीब काढलंत. कैद्यांइतके कागद सरकारने कोणत्याच सज्जनाचे ठेवले नाहीत.

म्हातारपण कुठे गेलं

चालणारा माणूस कधीतरी थकतो. घर नाही, मुलं दूर. असे लोक शेवटी इस्पितळात किंवा निराधारांच्या आश्रमात पोहोचत. क्वीन्सलँडचा असा मोठा आश्रम ब्रिस्बेनसमोरच्या स्ट्रॅडब्रोक बेटावर डनविचला होता, १८६५ ते १९४६. त्याच्या भरतीच्या वह्या क्वीन्सलँड स्टेट आर्काइव्ह्‌जकडे आहेत आणि त्यांत माणसाची पूर्वकथा येते: कुठे जन्मला, आईबाप कोण, कधी आला, कुठे कुठे काम केलं, लग्न, मुलं. अॅडलेडला डेस्टिट्यूट असायलम होतं, न्यू साउथ वेल्समध्ये लिव्हरपूल, पॅरामॅटा, रूकवुड इथे आश्रम होते.

१९०३ नंतरच्या मतदार याद्याही चाळा, त्यांत धंदा आणि पत्ता असतो, पत्ता कधी नुसतं स्टेशनचं नाव. पहिल्या महायुद्धात भरती झालेल्यांच्या फायली नॅशनल आर्काइव्ह्‌जने सगळ्या स्कॅन केल्या आहेत. चाळिशी उलटलेले कितीतरी जण वय चोरून भरती झाले. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात तर बुशमधल्या घोडेस्वारांच्या तुकड्याच वेगळ्या गेल्या होत्या.

मृत्यूचा दाखला आणि त्यामागची फाइल

न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया आणि क्वीन्सलँडचे जुने मृत्यूचे दाखले भरगच्च असतात: आईबापाची नावं, जन्मगाव, वसाहतीत किती वर्षं, लग्न कुठे, मुलं किती. दक्षिण ऑस्ट्रेलियाचे त्या मानाने त्रोटक. पण रकाना असणं वेगळं आणि भरलेला असणं वेगळं. स्वॅगमनच्या दाखल्यावर एकाखाली एक 'माहीत नाही' असतं, कारण माहिती देणारा होता स्टेशनचा मॅनेजर, नाहीतर हवालदार. म्हणून आधी खाली माहिती देणाऱ्याचं नाव बघा. सोबत्याने दिली असेल तर तो सोबती कोण, ते शोधा. दोघे एकाच गावचे निघायची शक्यता चांगली असते.

अचानक किंवा एकाकी मृत्यू असेल तर चौकशी झालेली असते. दूरच्या भागात कॉरोनर, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणारा अधिकारी, कुठला मिळणार. मग जस्टिस ऑफ द पीस म्हणजे मानद न्यायदंडाधिकारी असलेला एखादा स्थानिक माणूस, पुष्कळदा शेजारचा स्टेशनमालकच, चौकशी करी. व्हिक्टोरियाच्या पब्लिक रेकॉर्ड ऑफिसात १८४० पासूनच्या अशा फायली आहेत आणि खूपशा ऑनलाइन. क्वीन्सलँडच्या तिथल्या अभिलेखागारातून मागवता येतात. साक्षीदारांचे जबाब, प्रेताचं वर्णन आणि जवळ सापडलेल्या वस्तूंची यादी त्यात असते. मागे चार-दोन पौंड उरले असतील तर सरकारी राजपत्रातल्या बेवारस मालमत्तेच्या याद्याही बघा.

नाव सापडत नसेल तर नाव नसलेले शोधा. मृत्यूच्या सूचीत 'अननोन' हा शब्द आडनावाच्या जागी टाका, जिल्हा आणि वर्षं बांधा. यादी लांब येते आणि वाचताना पोटात कालवतं: अनोळखी पुरुष, तहानेने, अनोळखी पुरुष, नदीत, अनोळखी पुरुष, झाडाखाली. मी अशीच पश्चिम क्वीन्सलँडमधली १८९८ सालची एक फाइल मागवली. पन्नाशीचा माणूस, तांबूस-पिकलेली दाढी. डाव्या हाताची करंगळी नाही. वाकडी नव्हे, नाहीच. वस्तू: दोन ब्लँकेटं, एक बिली म्हणजे चहाचं डबडं, कातरीची एक जोडी, अर्धी पोतडी पीठ. कागद कसलाही नाही.

वाकडी करंगळी आठ वर्षांत तुटू शकते. दुसऱ्या कोणाचीही तुटू शकते. शीअररांच्या हातांना काय काय होत असे हे वाचल्यावर तर मी अजूनच सावध झाले. एकच माणूस आहे असं म्हणायला मी स्वतःपुरता नियम केला आहे: एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. वय आणि दाढी या दोन धरत नाही, तांबूस दाढीचे पन्नाशीचे पुरुष पैशाला पासरी होते. जन्मगाव, आईचं नाव, सही, व्रण, जहाज यांपैकी तीन हव्यात. आमच्या वंशवृक्षात ती १८९८ ची नोंद पेन्सिलने आहे. सुनेच्या आतेभावाने डीएनए चाचणी केली आहे. क्वीन्सलँडमध्ये त्याचं दुसरं कुटुंब असेल तर कधीतरी तिकडून कोणीतरी जुळेल. अशी दुसरी कुटुंबं फार निघतात, आधीच मनाची तयारी ठेवा.

त्या कुटुंबातली आई आदिवासी असण्याचीही शक्यता असते. आउटबॅक मोकळा पडलेला नव्हता, तो तिथल्या लोकांकडून हिसकावलेला होता, आणि भटक्या गोऱ्या पुरुषांची मुलं त्यांच्या वस्त्यांवर वाढली, पुष्कळदा सरकारने आयांपासून तोडली. असा धागा लागला तर कॅनबेराच्या 'आयआट्सिस' या आदिवासींविषयीच्या अभ्यास-संस्थेचा कुटुंब-इतिहास विभाग मदत करतो. पलीकडच्या माणसांना थेट निरोप धाडण्याआधी त्यांच्याशी बोला.

जन्मगाव 'पूना' निघालं तर

हे थोडं आपल्या फायद्याचं. ब्रिटिश पलटणींची मुलं खडकी, पुणे, अहमदनगर, बेळगाव, कुलाबा इथे जन्मली आणि त्यांतली काही पुढे ऑस्ट्रेलियात गेली. शिवाय न्यू साउथ वेल्सचे 'वेलर' घोडे फौजेसाठी कलकत्ता, मद्रास, मुंबईला जहाजाने येत आणि त्यांच्याबरोबर घोडे सांभाळणारी बुशमधली पोरंही. दाखल्यावर 'किर्की', म्हणजे आपली खडकी, लिहिलेलं बघून इथला माणूस स्कॉटलंडच्या नकाशात शोधत बसतो. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मा, लग्न, दफन यांचे उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात 'एन ३' या मालिकेत आहेत आणि वंशावळीच्या एका मोठ्या सशुल्क संकेतस्थळावर त्यांची पानं दिसतात.

भटका पूर्वज हिंदुस्थानीच असेल तर वाट थोडी वेगळी. उंटवाले 'अफगाण' म्हणून ओळखले गेले, पण त्यांत बलुची, सिंधी, पंजाबीही होते. १८६६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातला बडा स्टेशनमालक थॉमस एल्डर याच्यासाठी कराचीहून शंभराहून जास्त उंट आणि ३१ माणसं तिथल्या पोर्ट ऑगस्टा बंदरात उतरली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात, १९३६ पर्यंत. म्हणून काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारातही डोकवावं. फेरीवाल्यांच्या परवान्यांच्या याद्या स्थानिक पेपरांत छापून येत. १९०१ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर मायदेशी जाऊन परत यायचं तर श्रुतलेखनाच्या परीक्षेतून (गोरे नसलेल्यांना देशाबाहेर ठेवण्यासाठी ती घेत) सूट मिळाल्याचा दाखला लागे. त्यावर समोरून आणि बाजूने काढलेले फोटो असतात आणि हाताचा ठसा. नॅशनल आर्काइव्ह्‌जमध्ये ते हजारोंनी आहेत. अपमानासाठी बनवलेला कागद, पण काही घरांकडे पूर्वजाचा तेवढा एकच फोटो आहे.

जायचंच असेल तर

जून ते ऑगस्टमध्ये जा. उन्हाळ्यात नाही. मेनिंडीजवळ किंचेगा राष्ट्रीय उद्यानात १८७५ ची शीअरिंगची शेड उभी आहे. तिथे साठ लाख मेंढ्या कातरल्या गेल्या. लाकडाला लोकरीच्या तेलाचा वास अजून येतो. खाजगी स्टेशनवरची कबर बघायची असेल तर मालकाला आठवडाभर आधी फोन करा, पाऊस पडला तर कच्चा रस्ता बंद असेल हे गृहीत धरा, पाणी लागेल त्याच्या दुप्पट घ्या, आणि कधी परतणार ते कोणाला तरी सांगून निघा. वाटेत फाटकं लागतील. बंद होतं ते आपण गेल्यावर बंद करायचं, उघडं होतं ते उघडंच ठेवायचं.